आईची चिंधी

निपाणीत विड्या वळणाऱ्या बायका दिवसभर मांडीवर सूप घेऊन बसत. आमच्या आई त्यांतल्याच. सायंकाळी त्या भिंतीला धरून उठत आणि गुडघ्यास जुन्या लुगड्याची चिंधी आवळून बांधीत. आम्हांस त्याचे हसू येई. आज पंचावन्नाव्या वर्षी तीच चिंधी आमच्या गुडघ्यावर आली आहे. तिला आता ‘नी-कॅप’ म्हणतात, एवढेच.

पहिली जोडी आम्ही बेळगावहून माप न देताच आणली. झेंडावंदनास तासभर उभे राहिलो आणि पोटरी सुजली. डॉक्टरांनी टेपने गुडघ्याचा घेर मोजला व बजावले, “हा पट्टा झिजलेली कूर्चा भरून आणीत नाही. ऊब देतो, सांध्याला आधाराची जाणीव देतो. चालताना घाला, झोपताना काढा. खरा आधार मांडीच्या स्नायूंचा. खुर्चीत बसून पाय सरळ ताणून धरीत जा.” शिवाय एक किलो वजन उतरले, तर पावलागणिक गुडघ्यावरचा चारेक किलो भार हलका होतो म्हणे. (गणित सातवीला घालण्याजोगे आहे!) वाजपेयींनी 2000 साली मुंबईस गुडघा बदलून घेतला, आमची मजल अजून तेथवर गेलेली नाही.

पट्टा आम्ही विजारीखाली लपवीत असू. परवा पहिलीच्या मुलांत जमिनीवर बसलो, तो उठवेना. विजार वर सरकली.

“गुर्जी, लागलंय काय?”

आम्ही पट्टा दाखविला.

“आमच्या आज्जीचंबी गुडघं दुखत्यात. विड्या वळती ती.”

दुसऱ्या दिवशी पोराने सुतळी आणली. आजीच्या गुडघ्याच्या घेराएवढ्या अंतरावर तिला गाठ मारली होती.