जुने आधी गेले

पिरंगुटच्या ज्या कारखान्यात फिटर म्हणून लागलो, तिथेच पुढे टूलरूमचा असिस्टंट मॅनेजर झालो आणि तिथूनच 2024 च्या पावसाळ्यात, चौपन्नाव्या वर्षी, माझी नोकरी गेली. एचआरच्या टेबलावर दोन कागद होते. एकावर 'कामाची पुनर्रचना' हे कारण, दुसरा माझ्या नावाने आधीच टाइप केलेला राजीनामा. सही केलीत तर वर दोन पगार मिळतील, म्हणाले. मी सही केली नाही. राजीनामा दिला, की कपातीविरुद्ध भांडायला जागा उरत नाही, हे मी युनियनच्या जुन्या लोकांकडून ऐकलेलं होतं.

वयाचा उल्लेख कुठेच नव्हता. पण त्या आठवड्यात ज्यांना ज्यांना वर बोलावलं, ते सगळे पन्नाशी ओलांडलेले. कुणी मेंटेनन्सचा, कुणी स्टोअरचा, कुणी मोल्डिंगचा. आमच्या जागी थोड्याच दिवसांत ट्रेनी आले. त्या मुलांवर माझा राग नाही, उरवड्या-घोटवड्याचीच पोरं ती. पण माझ्या एका पगारात त्यांच्यातले तिघं बसतात. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली घेतलेल्या मुलाला तर कामगार कायद्यांचं संरक्षण जवळपास नाहीच. कंपनी म्हणणार, आम्ही वय नाही, पगार पाहिला. उमेदीची सगळी वर्षं एकाच ठिकाणी काढलेल्या माणसाचा पगार त्याच्या वयापासून वेगळा कसा काढायचा, हे मला कुणीतरी सांगावं.

धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, सोड आता. आंबेमोहर लावू, खाचरं तशी पडूनच आहेत." मायेनेच म्हणाला. पण भाताच्या चार पोत्यांवर मुलीची इंजिनिअरिंगची फी भरता येत नाही. आणि दुसरी नोकरी शोधायची, तर कारखान्यांच्या गेटवर पाट्या उघड लावलेल्या असतात : वय 18 ते 35.

वकिलांनी पहिल्याच भेटीत स्पष्ट केलं, की नुसत्या वयाच्या मुद्द्यावर आपण उभे राहू शकत नाही. राज्यघटनेच्या 15 व्या कलमात धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान आहे, वय नाही. अमेरिकेत चाळिशीपुढच्या नोकरदारांसाठी 1967 पासून वेगळा कायदा आहे. आपल्याकडे खासगी कारखान्यांना लागू होणारा तसा कायदा नाही. माझ्या प्रकरणाला लागू होता तो 1947 चा औद्योगिक विवाद कायदा. त्यातलं 25-जी कलम सांगत होतं, की कपात करताना साधारणपणे शेवटी आलेला आधी जातो, आणि तसं केलं नाही तर मालकाला कारण नोंदवावं लागतं. आमच्याकडे नेमकं उलटं झालं होतं.

अडचण एकच : हे कलम 'कामगारा'साठी होतं, आणि मी कागदोपत्री मॅनेजर. बढतीचे पेढे मी घरोघर वाटले होते. त्याच बढतीने माझं संरक्षण काढून घेतलं असेल, असं कुणाच्या मनात तरी आलं असतं का? मात्र न्यायालय हुद्द्याच्या नावावर थांबत नाही, माणूस प्रत्यक्षात काय काम करत होता ते बघतं. माझ्या सहीने कुणाची रजासुद्धा मंजूर होत नव्हती. मी ब्लू मॅचिंग करायचो. साच्याच्या एका भागाला निळा रंग लावून तो दुसऱ्यावर दाबायचा, रंग जिथे जास्त उठला तिथे ऑइल स्टोनने घासायचं, पुन्हा दाबायचं. रंग सगळीकडे सारखा उठेपर्यंत हेच. फट राहिली की प्लास्टिक बाहेर येतं, म्हणजे फ्लॅश येतो, आणि आख्खा लॉट रिजेक्ट होतो. अजूनही टूलरूममधल्या मुलांचे फोन येतात, "सर, फ्लॅश जात नाहीये, काय करू?" मी सांगतो. काम अडलेलं मला बघवत नाही.

माझ्या अक्षरातले ट्रायल रिपोर्ट आणि जॉब कार्डांच्या प्रती मी वाकडेवाडीच्या कामगार आयुक्त कार्यालयात अर्जासोबत जोडल्या. अर्जात वयाची तक्रार लिहिलेली नाही, मागणी आहे ती सेवाज्येष्ठतेच्या यादीची. नियमाप्रमाणे ती कपातीच्या किमान सात दिवस आधी नोटीस बोर्डावर लागायला हवी होती. ती कधीच लागली नाही. समेटाच्या बैठकीत कंपनीच्या प्रतिनिधीने ती सादर करायला मुदत मागून घेतली आहे. यादी आली, की नावापुढच्या रुजू तारखा सगळ्यांना वाचता येतील.