गल्ली, खिंड, खोली

पांढरं बनियन, लाकडी सुरी आणि मूठभर गुलाल. रविवारी सकाळी साडेसहाला एवढं सामान घेऊन मी जळगावात, मेहरूणच्या बाजूच्या एका मोकळ्या मैदानात उभा असतो. सुरी घरीच तासलेली आहे, सागाच्या फळीच्या तुकड्याची. पात्याला गुलाल चोळायचा, सुरी एकाच्या हातात द्यायची आणि बनियनवाल्याला एवढंच सांगायचं: वाच. दहा सेकंदांनी शिट्टी. मग सगळ्यांनी मिळून बनियनवरचे पट्टे मोजायचे. नवीन पोरगा असला की छातीवरचे दोन-तीन पट्टे बघून तो हसतो. मग आम्ही त्याला पाठ फिरवायला सांगतो. पाठीवरचे पट्टे दिसतात आम्हाला, आणि ते त्याला आमच्या चेहऱ्यांवर दिसतात. ते कधी लागले हे त्याला कळलेलंच नसतं.

हा झाला एक हल्लेखोर. दोन केले तर पट्टे दुप्पट व्हावेत असं गणित सांगतं, पण ते दुप्पटीवर थांबत नाहीत. एकाचा सुरीचा हात तुम्ही दोन्ही हातांनी घट्ट धरता, पुस्तकात दाखवला तसाच, आणि दुसऱ्यासाठी स्वतःलाच खुंट्याला बांधून ठेवता. तिसरा आला की पोरं हात धरायचा प्रयत्नही सोडून देतात. मला तेच हवं असतं.

पण हे मला फार उशिरा सुचलं. पंधरा-सोळा वर्षं मी बरोबर उलटं शिकवत होतो. शिवजयंतीच्या मिरवणुकीत, गणपतीत, शाळांच्या स्नेहसंमेलनात आमच्या पथकाचा हमखास टाळ्या घेणारा प्रकार म्हणजे ‘एकास चार’. मध्ये एक, भोवती चार, सगळ्यांच्या हातात लाठ्या. मधला चौमुखी हात फिरवतो आणि चारही जण आडवे होतात. यातली गोम बाहेरच्याला दिसत नाही. चारांपैकी तिघे कायम थांबलेले असतात. थांबलेत हे कळू नये म्हणून ते जागच्या जागी पवित्रे बदलतात, लाठी गरगरा फिरवतात, ओरडतात. मारायचं नाही पण मारण्यात गुंतलेलं दिसायचं, ही मोठी कठीण कला आहे आणि ती मी कित्येक पोरांना मन लावून शिकवली. मधल्याला शिकवण्यासारखं त्यात फार काही नव्हतं.

मर्दानी खेळांची टिंगल करायचा माझा हेतू नाही. कोल्हापूरकडचे जाणते लोक दांडपट्टा चालवतात तेव्हा अंगावर काटा येतो. 2024 मध्ये सरकारने त्याला राज्यशस्त्राचा मान दिला, तो योग्यच होता. पट्ट्याची मूठ पोलादी खोळीत असते, मनगट वळत नाही, म्हणून वार करायला सगळं अंगच फिरवावं लागतं. अंग फिरतं म्हणून नजर फिरते, आणि नजर फिरते म्हणून मागचा दिसतो. हे शस्त्र गर्दीसाठी घडवलेलं आहे हे हातात घेतल्याबरोबर कळतं. पण पट्टा घेऊन कुणी भाजी आणायला जात नाही.

लाठीचंही तेच आहे, आणि ते सरकारी कागदावर लिहिलेलं आहे. सणवार, मोर्चे, निवडणुका आल्या की जिल्ह्यात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खाली मनाई आदेश निघतो. त्यातली यादी वाचण्यासारखी असते. तलवारी, भाले, सुरे यांच्या रांगेत सोटे, काठ्या आणि लाठ्याही असतात. म्हणजे गाव तापलेलं असतं, नेमक्या त्याच दिवसांत माझी विद्या घरी कोपऱ्यात उभी असते. पूर्वी मला याचा राग यायचा.

लाठी मी शिकलो धुळ्यात. जुनं धुळं गल्ल्यांच्या नंबरांनी ओळखलं जातं. खान्देशचा पहिला इंग्रज कलेक्टर जॉन ब्रिग्ज याने 1819 च्या सुमारास ही पेठ आखली आणि रस्ते सरळ रेषेत काढले. आमचे वस्ताद, सगळे त्यांना आबा म्हणत, अशाच एका गल्लीत राहायचे. आखाड्यात ते सगळ्यांना तमाचा, बाहेरा, शिर हे लाठीचे ठरलेले हातच शिकवायचे. मात्र रात्री नऊनंतर, रहदारी थांबली की निवडक चार-पाच जणांना घराबाहेर बोलवायचे आणि गल्लीत एक बाज आडवी टाकायचे. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला उभ्या सायकली, समोर बाज. आता फिरव म्हणायचे. कानाच्या उंचीची लाठी तिथे फिरतच नाही. पहिला हात भिंतीवर आपटतो, झिणझिण्या कोपरापर्यंत जातात. मग आपोआप लाठी आखडून धरली जाते, भाल्यासारखी, आणि वार जाऊन भोसकणारा कोच येतो.

आबा बाजीप्रभूंची गोष्ट सांगत नसत, खिंडीची सांगत. 13 जुलै 1660 ला मागे कोण होतं, किती होते, यात त्यांना रस नव्हता. त्यांचा प्रश्न ठरलेला असे: त्या खिंडीत एका वेळी शेजारी शेजारी किती माणसं मावतात? शौर्य त्यांना मान्य होतंच, पण शौर्य मोजता येत नाही आणि खिंडीची रुंदी मोजता येते, असा काहीतरी त्यांचा हिशेब असावा. पुढे कधीतरी मियामोतो मुसाशीबद्दल वाचलं. जपानच्या या तलवारबाजाने 1645 च्या सुमारास, आयुष्याच्या शेवटी लिहून ठेवलं की शत्रू अनेक असतील तर त्यांना हाकत न्यावं आणि दोरीत मासे ओवावेत तसं एकामागे एक आणावं. मला आमची बाज आठवली. बाजेला वळसा घालून येणारा माणूस एकटाच येतो. उभी रिक्षा, केळीची हातगाडी, बसस्टॅंडवरचा बाक यांचंही काम तेच. चौघांना रेशनच्या रांगेत उभं करायचं आणि रांग लागली रे लागली की दुकान बंद करून निघून जायचं.

हे निघून जाणं मला पटत नव्हतं. मग एका रात्री तिघे भेटले. कुठे, कशावरून, ते सांगत नाही. कारण इतकं फालतू होतं की लिहायची लाज वाटते. मी कार्यक्रमाहून परतत होतो, हातात लाठी होती, दहा वर्षांचा सराव होता. समोरच्याच्या हातात पाण्याच्या पाइपचा तुकडा होता. मी नमुनेदार तमाचा उचलला आणि लाठी चहाच्या टपरीच्या पत्र्यात जाऊन अडकली. तेवढ्यात पाइप डाव्या खांद्यावर बसला. लाठी तिथेच सोडून पळालो, एक चप्पल गेली. दुसऱ्या दिवशी खांदा घेऊन आबांकडे गेलो. वाटलं, धीराचे दोन शब्द बोलतील. त्यांनी आधी चपलांची चौकशी केली, पायात काय होतं, अंगठ्याची की पट्ट्याची. मग म्हणाले, “पयना ते बरं करं. पन आधी का नई पयना?”

आधीच का पळालो नाही, याचं उत्तर मला त्या दिवशी देता आलं नाही, पण माझ्याकडे होतं. तिघांच्या हातात काय आहे हे मी दहा-बारा पावलांवरून पाहिलं होतं. तेवढ्या अंतरावर माणूस स्वतःला सांगत असतो की अजून काही झालेलं नाही. अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीच्या डेनिस ट्युलर या पोलिसाने 1983 मध्ये यावर लेख लिहिला. सुरी घेतलेला माणूस 21 फूट अंतर सुमारे दीड सेकंदात कापतो, हे त्याने घड्याळ लावून दाखवलं. आम्ही मुरमाच्या मैदानावर चुन्याची रेघ मारून मोजलं. चपला घातलेली आमची पोरंही त्याच्या फार मागे नव्हती. दीड सेकंदात लाठीचा पवित्रा घेता येतो. पवित्राच, पुढचं काही नाही. तेव्हापासून आमच्या वर्गात पहिला महिना कुणाला हात उचलायला मिळत नाही. फुले मार्केटमध्ये हिंडायचं आणि परत येऊन सांगायचं: कुठून बाहेर पडता येत होतं, कुणाचे हात दिसत नव्हते, आडोसा कशाचा होता. दोन पालकांनी फी परत मागितली. कराटे लावलं होतं, म्हणाले, बाजारहाट नव्हे.

कायदाही जवळपास आबांच्याच बाजूचा आहे. भारतीय न्याय संहितेत खाजगी संरक्षणाच्या हक्काची कलमं 34 ते 44 आहेत. स्वतःचा जीव वाचवायला हात उचलणं गुन्हा नाही, पण गरजेपेक्षा जास्त इजा करायचा हक्क नाही, आणि पोलिसांकडे जायला सवड असेल तर हा हक्कच उरत नाही. शेवटचं, 44 वं कलम मी वर्गात वाचून दाखवतो. जमावाने जीव घ्यायला घेतला आहे, बचाव करायचा तर जमावात मिसळलेल्या निरपराधांना धोका पोचतो, अशा वेळी काय, याचा विचार त्यात आहे. इंग्रजांच्या जुन्या संहितेतून, 106 व्या कलमातून, तो तसाच आला. त्यातलं उदाहरण ऐकलं की पोरं गप्प होतात. जमावात लहान मुलंही मिसळलेली आहेत असं त्यात धरलेलं आहे.

1 जुलै 2018, रविवार. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा. आठवडे बाजाराचा दिवस. सोलापूरकडून भिक्षा मागत आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, अशा अफवा मोबाइलवरून आधीच पसरलेल्या होत्या. त्या पाचांना ग्रामपंचायतीच्या खोलीत नेलं आणि तिथे जमावाने त्यांना मारून टाकलं.

त्यानंतर कित्येक आठवडे मी त्या खोलीत लाठी फिरवून बघत होतो, मनातल्या मनात, झोप येत नसली की. खोलीला रुंदी कमी, म्हणजे एका वेळी दोघे-तिघेच आत येऊ शकतात, म्हणजे खिंड. पण खिंडीला मागे विशाळगडाची वाट होती. खोलीला मागे भिंत होती. आबांचं सगळं शास्त्र मागे वाट आहे असं धरून चाललेलं होतं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. आणि बाहेर पडायचंच शास्त्र असेल, तर ते त्या खोलीत शिरण्याच्या कितीतरी आधी, बाजारात, पहिला माणूस आवाज चढवून विचारतो तिथेच वापरायला हवं. तेव्हा मात्र भिक्षेकरी पळाला तर तो चोरच ठरतो. पळून जायची मुभा सगळ्यांना सारखी नसते. फुले मार्केटमधल्या माझ्या धड्यात हे कुठेच नव्हतं.

हे मी वर्गात बोललो. पारोळ्याकडचा एक पोरगा, फारसा न बोलणारा, म्हणाला, “सर, आपन दरवाजाना बाहेर राहतूत तर?”

एवढी वर्षं आम्ही मध्ये उभं राहायचंच शिकत होतो. भोवतीचे चार कोण, हे आम्ही कुणी विचारलं नव्हतं. ते चार आमचेच असायचे, आळीपाळीने, आणि काठ्या त्यांच्या हातात आम्हीच दिलेल्या.

आता महिन्यातून एकदा आम्ही निराळा प्रकार करतो. दहा जण वर्तुळात, मध्ये एक, हातात स्पंजच्या नळ्या. खेळण्याआधी मी तंबाखूच्या जुन्या डबीतून दहा चिठ्ठ्या वाटतो. नऊ कोऱ्या, एकीवर ‘थांबव’ असं लिहिलेलं. ज्याला ती येईल त्याने वर्तुळ तोडायचं. कसं, ते त्याने ठरवायचं: ओरडून, मधल्याचा हात धरून बाहेर ओढून, शेजाऱ्याला मिठी मारून. तीस सेकंद. सोपं वाटतं. मधल्याला मारताना बाकीचे हसत असतात, खेळच असतो, आणि ते हसणं पहिल्या पाच सेकंदांत असं काही जमून येतं की त्यात वेगळा आवाज काढणं जड जातं.

गेल्या वेळी शिट्टी वाजली तेव्हा मधला पोरगा डोकं धरून खाली बसलेला होता. वर्तुळ शाबूत होतं. मी विचारलं, चिठ्ठी कुणाकडे? कुणी बोलेना. सगळ्यांनी खिसे उलटे केले. शेवटी एकाने मूठ उघडली. तीस सेकंद तो डाव्या मुठीत चिठ्ठी धरून उजव्या हाताने मारत होता. घामाने कागद भिजला होता आणि बॉलपेनची निळी शाई त्याच्या तळहातावर उतरली होती, उलट्या अक्षरांत.