फेड

न्यायालयाच्या निकालात किंवा वृत्तपत्राच्या अग्रलेखात 'क्विड प्रो क्वो' हे लॅटिन शब्द आले की वाचक ते काहीशा संशयाने वाचतात. सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली निवडणूक रोख्यांची योजना रद्द केली, तेव्हाही 'देणगीच्या बदल्यात सवलत' या अर्थाने ते पुष्कळांच्या कानी पडले. मूळ अर्थ मात्र निरुपद्रवी आहे: एका वस्तूच्या जागी दुसरी. युरोपातील औषधविक्रेते एका औषधाऐवजी दुसरे देत, त्यास हे नाव होते. पुढे ते व्यवहारात व कायद्यात शिरले. आपला १८७२ चा कराराचा कायदाही, काही अपवाद सोडता, प्रतिफलावाचून केलेला करार निरर्थक मानतो.

रोमन लोकांचा 'दो उत देस' हा प्रयोग याच कुळातला. 'तू द्यावेस म्हणून मी देतो', असे ते देवतेसही म्हणत. ही रीत आम्हांस परकी नाही. देव आणि मानव यांनी परस्परांचे पोषण करावे, असे गीतेच्या तिसऱ्या अध्यायात सांगितलेच आहे. आमच्या घरांत तो नवस, कोंकणी बांधवांच्या घरांत ती आंगवण. नवस फेडायचा असतो आणि कर्जही फेडायचे असते. आमच्या भाषेने दोहोंस एकच क्रियापद दिले, ते उगाच नव्हे. नारळ बोललो तर नारळ, पेढे बोललो तर पेढे. देवाच्या हिशेबात आम्ही सहसा चुकत नाही.

माणसांच्या हिशेबाचे काय, हा प्रश्न आम्हां बडोदेकरांना कमाटी बागेवरून जाताना पडावा. जून १९१३ मध्ये बडोदे संस्थानाने भीमराव आंबेडकर या बावीस वर्षांच्या पदवीधराशी करार केला. संस्थानाने दरमहा साडेअकरा पौंडांप्रमाणे तीन वर्षे शिष्यवृत्ती द्यावी, आणि न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकून आल्यावर त्यांनी दहा वर्षे संस्थानची नोकरी करावी. इतकी स्वच्छ देवघेव क्वचितच आढळते. सयाजीरावांनी पैसा दिला. आंबेडकरही सप्टेंबर १९१७ मध्ये आपला शब्द पाळण्यासाठी येथे हजर झाले.

अडले ते करारात न लिहिलेल्या गोष्टीपाशी: रात्री पाठ टेकायची कोठे? हिंदूंची दारे बंद म्हणून ते पारशी धर्मशाळेत, पारशी नाव सांगून, दीड रुपया रोजाने राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तेथून निघावयास लावले. याचा दोष पारशी समाजाच्या माथी मारून आमची सुटका होत नाही. आमच्यापैकी एकाचे जरी दार उघडे असते, तर त्यांना तेथे नाव बदलून राहावे लागले नसते. एका हिंदू स्नेह्याकडे आसरा मागितला, तर घरचे नोकर निघून जातील असे उत्तर मिळाले. ख्रिस्ती स्नेह्यानेही टाळले. मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंतचे काही तास त्यांनी या बागेत काढले.

करारावर शहराची सही नव्हती, आणि तरी करार मोडला तो शहरानेच. ज्या महाराजांनी १९०६ साली राज्यभर सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले, त्यांची सत्ता एका खोलीच्या उंबरठ्याशी थांबावी, याचे आम्हांस आजही नवल वाटते. ठरलेली दहा वर्षांची सेवा बडोद्यास मिळाली नाही. ती विद्वत्ता पुढच्याच वर्षी मुंबईच्या सिडनॅम महाविद्यालयास लाभली, आणि १९४७ साली घटनेच्या मसुदा समितीस.

बागेस आता सयाजीबाग म्हणतात, आणि आंबेडकर जेथे बसले ती जागा संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते. सप्टेंबरात तेथे दूरदूरचे लोक येतात. त्यांत आमच्या देवळांतले ओळखीचे चेहरे फार थोडे असतात.