आलेल्या डोळ्यांचा बंदोबस्त

श्रावणातील झडीबरोबर आमच्या वाईच्या वाड्यात डोळ्यांची साथ शिरली, ती प्रथम धाकट्या पुतण्याच्या डोळ्यांत आणि मग यथाक्रम माझ्या. सकाळी पापण्या पिवळट पुवाने अशा चिकटून बसत, की उकळून कोमट केलेल्या पाण्यात कापूस बुडवून चिपडे भिजवीपर्यंत उजेडाचे दर्शन दुर्लभ होई.

आलेल्या डोळ्यांकडे पाहिले की पाहणाऱ्याचेही येतात, हा आत्याचा पूर्वापार सिद्धान्त. सबब मी काळा चष्मा लावून माजघरात बसावे, असा तिचा हुकूम सुटला. डॉक्टरांनी हा दावा मुळातच खारीज केला. नजरेने रोग पसरत नाही. तो पसरतो हातांनी, पंच्याने, उशीच्या अभ्र्याने, आणि आत्या ज्या एकाच डबीतून एकाच बोटाने घरातील झाडून साऱ्या पोरांना काजळ घालीत असे, त्या डबीने. डबी त्याच दिवशी जप्त झाली. आत्या मात्र डॉक्टरांवर बरेच दिवस रुष्ट होती.

दाट पू असल्यास बहुधा जिवाणूंचा उपद्रव, नुसते पाणी गळत असल्यास बहुधा विषाणूंचा, आणि विषाणूंवर प्रतिजैविक औषध व्यर्थ, असा डॉक्टरांनी खुलासा केला. जिवाणुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख १८८३ साली पटकीच्या तपासासाठी इजिप्तमध्ये गेले असता तेथील आलेल्या डोळ्यांच्या पुवात त्यांना सूक्ष्म दंडाकृती जिवाणू आढळले होते. पटकीचा माग काढीत ते पुढे कलकत्त्यास आले, पण ही आनुषंगिक कामगिरी मला कमी मोलाची वाटत नाही.

उपचार साधा, पण शिस्तीचा. हात धुवावे, खालची पापणी किंचित ओढावी, बाटलीचे टोक डोळ्यास न लावता क्लोरॅम्फेनिकॉलचा थेंब सोडावा. निजताना मलम, ज्याने दिव्याभोवती धुरकट वलय दिसे. लाली ओसरली तरी नेमून दिलेली मुदत पुरी करण्याची ताकीद होती. प्रत्येकाचा पंचा निराळा झाला, अभ्रे उकळत्या पाण्यात गेले, आणि पुतण्याची शाळा पू थांबेपर्यंत बंद राहिली.

वाचकांस एवढीच विनंती, की दृष्टी मंदावली, तीव्र वेदना उठल्या किंवा उजेड सोसवेनासा झाला, तर कपाटातील जुने स्टेरॉइडचे थेंब घालून पाहू नयेत, डॉक्टर गाठावा. आणि नवजात अर्भकाच्या डोळ्यांत पू दिसल्यास त्याच दिवशी इस्पितळात न्यावे.