दिवेलागणीची पापणी

आषाढात एका पहाटे शेजारची बाई नातवाला खांद्यावर घेऊन दारात उभी. "मावशी, पोट्ट्याचे डोरे पाय ना. तुझ्यावाणीच झाले." पोरगा रात्री जमिनीवर सतरंजी टाकून झोपला होता. पोट दुखतं म्हणून उठला, तर दोन्ही पापण्या अर्ध्यावर आलेल्या. अंगावर दंशाची खूण कुठे दिसेना. मी म्हटलं, हे माझ्यासारखं नाही, ही मण्यार आहे, आधी गाडी काढा. प्रतिविष वेळेवर मिळालं, श्वासाच्या यंत्रावर राहून पोरगा घरी आला. पण 'तुझ्यावाणीच' काही माझ्या मनातून जाईना.

नवेगाव बांधात धानाच्या रोवणीचे दिवस म्हणजे सापांचेही दिवस. माझी डावी पापणी पहिल्यांदा पडली तीही रोवणीतच, मी नववीत असताना. मायनं कंदील जवळ ओढला आणि माझ्या टाचा, बोटांच्या बेचक्या, कानामागची कातडी, सगळं तपासलं. काही सापडलं नाही. मग तिनं अंगठ्यानं माझी पापणी वर उचलली आणि तशीच धरून बसली. दिवसभर चिखलात राहून तिची बोटं खरबरीत झाली होती. तो स्पर्श मला आजही डोळ्यावर कळतो. सकाळी डोळा पूर्ण उघडा होता. माय बांधावरच्या देवाला नारळ फोडून आली. संध्याकाळी पापणी पुन्हा खाली.

पुढची वर्षं अशीच गेली. दवाखाना सकाळचा. रात्रभर झोप झालेली, डोळा ताजातवाना. डॉक्टर बॅटरी मारून बघत आणि डोळा चांगला आहे असं लिहून देत. कुणी चष्मा दिला, कुणी ताकदीच्या गोळ्या. एकानं मायला बाजूला घेऊन सांगितलं, पोरीचं लग्न करा, सगळं ठीक होईल. पाहायला येणारे मात्र दिवस कलल्यावर येत. एका घरानं पोहे खाऊन, चहा पिऊन निरोप पाठवला की पोरगी डोळा मारते. माय त्या रात्री जेवली नाही. त्या घराला मी माफ केलेलं नाही, करणारही नाही.

मी शिक्षिका झाले. दुपारनंतर फळ्यावरची एक ओळ दोन दिसू लागली, तेव्हा नागपूर गाठलं. तिथे एका डॉक्टरबाईंनी बॅटरी हातात घेण्याआधी विचारलं, "दिवे लागल्यावर काय होतं?" मी रडायलाच लागले. इतक्या वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं. त्यांनी मला छताकडे एकटक बघायला लावलं. हळूहळू पापणी उतरली. मग रबरी हातमोज्यात बर्फ भरून त्यांनी डोळ्यावर ठेवला. दोनेक मिनिटांनी काढला तर पापणी वर! पुढे रक्ताची तपासणी झाली, छातीतली थायमस ग्रंथी वाढली आहे का हे बघायला सीटी स्कॅन झालं. निदान निघालं मायस्थेनिया ग्रेव्हिस. अमिताभ बच्चन यांना 1984 मध्ये हेच निघालं होतं, असं डॉक्टरबाईंनी मायला सांगितलं. मायला धीर आला. म्हणजे हे कुणाच्या नजरेनं झालेलं नव्हतं, मागच्या जन्मीचंही नव्हतं.

मज्जातंतू स्नायूला निरोप देतो तो ॲसिटिलकोलीन या रसायनातून. स्नायूवर तो निरोप घेणारी ठिकाणं असतात. या आजारात शरीर स्वतःच प्रतिपिंडं तयार करून त्या ठिकाणांवर हल्ला करतं. स्नायू वापरावा तसा निरोप पोचेनासा होतो, विश्रांतीनंतर पुन्हा पोचतो. म्हणून सकाळ चांगली आणि संध्याकाळ वाईट. इंग्लंडच्या थॉमस विलिस यांनी 1672 मध्येच एका बाईबद्दल लिहून ठेवलं होतं की बराच वेळ बोलल्यावर तिची वाचाच बंद पडे. उपाय सापडायला 1934 उजाडलं. ग्रिनिचच्या रुग्णालयातल्या मेरी वॉकर यांना हा आजार क्युरारे या विषाच्या बाधेसारखा वाटला. त्यांनी त्या विषावरचा उतारा टोचून पाहिला आणि पडलेली पापणी उचलली गेली. मी घेते ती पायरिडोस्टिग्मिनची गोळी त्याच औषधाच्या कुळातली.

आणि मण्यार? तैवानमधल्या मण्यारीच्या विषात एक घटक असतो, तो स्नायूवरच्या नेमक्या त्याच ठिकाणांना चिकटतो. 1973 मध्ये अमेरिकेत फॅम्ब्रो, ड्रॅकमन आणि सत्यमूर्ती यांनी तो घटक किरणोत्सर्गी करून रुग्णांच्या स्नायूंवर वापरला, तेव्हा निरोप घेणारी ठिकाणंच कमी झालेली आढळली. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे कंदील आला. दंश नव्हता, पण मज्जातंतू आणि स्नायू यांच्यामधल्या ज्या फटीत मण्यार घाव घालते, तिथेच माझं शरीर मला अडवत होतं. चौथीही न शिकलेली माझी माय बरोबर शोधत होती. मला हे तिला सांगायचं होतं. तोवर ती गेली होती.

आमच्या जंगलात बुद्ध पौर्णिमेच्या रात्री माणसं पाणवठ्यांजवळच्या मचाणांवर बसतात आणि येईल त्या जनावराची नोंद करतात. भर दुपारी जाऊन, अस्वल दिसलं नाही म्हणून इथे अस्वल नाही, असं कुणी लिहीत नाही. जनावराची वेळ माणूस पाळतो. दुखण्याची वेळ का पाळू नये? माझ्या वर्गातल्या पोरींच्या आयांना मी सांगते, डोळा संध्याकाळी पडत असेल तर संध्याकाळीच फोनवर फोटो काढा, सकाळी दुसरा काढा, आणि दोन्ही डॉक्टरांपुढे ठेवा. पापणी एकाएकी पडली, गिळताना ठसका लागतो, दम लागतो, तर फोटोतही वेळ घालवू नका, थेट दवाखाना गाठा. आणि डॉक्टरांना माझी हात जोडून विनंती आहे, बॅटरी लावण्याआधी दिवे लागल्यावर काय होतं ते विचारा. हे विचारायला यंत्र लागत नाही. विचारलं असतं, तर मायची किती वर्षं वाचली असती.