कॉलसाइनआधीचा थांबा

माझ्या टेबलावर मोर्स संदेश पाठवायची जुनी पितळी स्ट्रेट की आहे आणि तिच्या शेजारी दोन पात्यांचं पॅडल, इलेक्ट्रॉनिक कीयरला जोडलेलं. नवा हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाला, घरी आला की विचारतोच, यातलं कुठलं घेऊ?

मी स्ट्रेट कीवर शिकलो. तारखात्यातून निवृत्त झालेले एक काका शिकवायचे. काँटॅक्टमध्ये व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी फट, कोपर टेबलावर, आणि हलायचं ते मनगट. नुसत्या बोटांनी टकटक करायची नाही. शाळेत लघु-गुरू घोटलेले, त्यामुळे माझा डॅश सारखा आखूड पडायचा. गुरूच्या मात्रा दोन, डॅश मात्र तीन डॉटांचा. काका डोळे मिटून ऐकायचे आणि म्हणायचे, "अर्ध्यात सोडू नकोस रे, 'डा' पुरता म्हण." ते स्वतः कॉलसाइन, म्हणजे आपली रेडिओवरची ओळख, देण्याआधी किंचित जास्त थांबत. ती सवय मी नकळत उचलली.

पॅडलवर डॅश आखूड पडूच शकत नाही. मिनिटाला 20 शब्दांचा वेग लावला की डॉट 60 मिलिसेकंदांचा आणि डॅश 180 चा, कीयर मोजून देतो. 'सी' म्हणजे डा-डि-डा-डि. स्ट्रेट कीवर चार वेळा दाबायचं. पॅडलवर डॅशचं पातं क्षणभर आधी धरून दोन्ही चिमटीत दाबली की चारही ओळीने येतात. सोडायचं कधी, एवढं कळलं पाहिजे. तासभर बोललं तरी मनगट भरून येत नाही, आणि हे सुख लहान नाही. स्ट्रेट कीवर दिवसभर तारा पाठवून तारवाल्यांचे हात खरोखर निकामी होत.

तरीही नवख्याच्या हातात मी आधी स्ट्रेट कीच देतो. जनरल ग्रेडच्या परवान्याला मिनिटाला आठ शब्दांचा वेग पुरतो. त्या वेगात डॉट 150 मिलिसेकंदांचा, मनगटाला भरपूर सवड. शिवाय कीयर डॉट-डॅश मोजतो, पण दोन अक्षरांमधली तीन डॉटांची आणि दोन शब्दांमधली सात डॉटांची जागा सहसा आपल्यावरच सोडतो. घाईने पॅडलकडे वळलेल्यांची अक्षरं सुबक आणि शब्द एकमेकांना चिकटलेले, असं चाळीस मीटरच्या रेडिओ बँडवर वरचेवर ऐकू येतं. जीव हळहळतो, मेहनत घेणारी माणसं असतात ती.

काका आता नाहीत. परवा रात्री पॅडलवर कॉल दिला, तर त्यांच्याच हाताखाली शिकलेला एक मित्र उत्तराला आला. म्हणाला, कॉलसाइनआधीचा तुझा थांबा अजून काकांचाच आहे.