काळ्या रानाची किल्ली

वसुबारसेच्या संध्याकाळी आपण गाईच्या पायांवर पाणी घालतो, तिच्या कपाळाला कुंकू लावतो, त्या दिवशी दुधातुपाला शिवत नाही. एवढा पाहुणचार करूनही, आल्यागेल्या पाहुण्याला आपण सहज विचारतो तो प्रश्न मात्र तिला कोणी विचारीत नाही: बाई, जेवण बरे होते ना? पोटभर वैरण टाकली की आपण सुटलो. त्या वैरणीत काय होते नि काय नव्हते, हे मुक्या जनावराला काय कळणार, अशी आपली समजूत.

आमच्या घरी ही समजूत न मानणारा एकच माणूस होता, तो म्हणजे आमचा जुना सालगडी. सारे गाव त्याला मामा म्हणे. लोहा आणि अहमदपूर यांच्या दरम्यान आमचे खेडे. गंजीतून कडब्याची पेंढी उपसली की मामा तिच्यातले एक ताट दाढेखाली धरी, जरा चघळी, थुंकून टाकी आणि निकाल देई, "ह्यो वढ्याकडचा न्हाई, मालक. बरडावरचा हाय." आजोबांना हे मुळीच आवडत नसे. आपल्या रानात डावे-उजवे आहे, हेच त्यांना कबूल नव्हते.

"काळी आई आहे ती," ते म्हणत, "तिच्यात काय कमी आहे?"

त्यांचा अभिमान अगदीच अस्थानी होता असे नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हारसाचे थरावर थर पसरले. तो काळा पाषाण झिजून झिजून ही जमीन झाली. चुना, मॅग्नेशियम, पालाश, लोह, सगळे तिच्या पोटात. नांगराच्या फाळाला चुनखडीचे पांढरे खडे लागत आणि आम्ही पोरे ते वेचून भिंतीवर रेघोट्या ओढीत असू. याच मुलखाने दोन नामांकित गोवंश दिले. नांदेडकडचा लाल कंधारी, गडद तांबडा. आणि लातूरकडचा देवणी, त्यातही पांढराशुभ्र बालंक्या, तोंडाच्या बाजूंना काळा असलेला वानेरा आणि अंगभर काळे ठिपके मिरवणारा शेवरा. माळेगावच्या खंडोबाच्या जत्रेत आजोबा दरवर्षी जात. घेणे-देणे काही नसले तरी जनावरांच्या रांगांमधून दिवसभर फिरून येत आणि आठवडाभर तेवढेच बोलत.

अशा त्या घरची शेवरा गाय, १९७२ च्या दुष्काळानंतरच्या एका उन्हाळ्यात, ओढ्याच्या काठी चक्क हाड चघळताना सापडली.

आजी मटकन खालीच बसली. गाईच्या तोंडात हाड! शेजारणीने हलक्या आवाजात भानामतीचे नाव काढले. आमच्याकडे ते नाव काढायला फारसे निमित्त लागत नाही. आजीने मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. मामाने मात्र आधी ते हाड हिसकावून घेऊन लांब पुरले आणि मग एवढेच म्हणाला, "तिला कायतरी कमी पडायलंय."

तालुक्याहून आलेल्या पशुवैद्यांनीही तेच सांगितले. फक्त त्या 'कायतरी'ला त्यांनी नाव दिले. ते नाव स्फुरद, म्हणजे फॉस्फरस. आजोबांचा चेहरा मला अजून आठवतो. आपल्या रानावर कोणी चोरीचा आळ घ्यावा, तसे ते वैद्यांकडे पाहत राहिले.

पुढे मी या विषयावर बरेच वाचले आणि तेव्हा कळले की, आळ चोरीचा नव्हताच. आमचे रान म्हणजे खाष्ट सासूची कोठी. कोठी भरलेली, पण किल्ली सासूच्या कमरेला. ती किल्ली म्हणजे चुना. जमिनीत चुना फार झाला की तो स्फुरदाला असा घट्ट धरून ठेवतो की पिकाच्या मुळांना तो सुटत नाही. जस्त आणि लोहाचीही तीच गत. ज्या पाषाणात लोखंड मुबलक, त्याच्याच मातीत ज्वारीची पाने कधी कधी शिरांमधून पिवळी पडतात. भरल्या घरात उपास! त्यातून जो थोडा स्फुरद ताटात चढतो, तोही पीक पिकताना बहुतेक कणसातल्या दाण्यात जातो. दाणा आपण खातो. कडबा गाईला. आणि ती बिचारी लिटरभर दुधामागे सुमारे एक ग्रॅम स्फुरद आणि सव्वा ग्रॅम कॅल्शियम बाहेर देत असते. चाऱ्यातून मिळाले नाही तर ते ती स्वतःच्या हाडांतून काढते. मग दुसऱ्याच्या हाडांना तोंड लावले, तर तिचे काय चुकले?

दक्षिण आफ्रिकेतल्या गुरांनीही हेच केले होते. तिकडच्या स्फुरदहीन कुरणांतली गुरे मेलेल्या जनावरांची हाडे चघळीत आणि लुळी पडून मरत. १९२० च्या सुमारास आर्नोल्ड थायलर या पशुवैद्याने उलगडा केला की, भूक स्फुरदाची होती आणि मरण त्या कुजक्या हाडांतल्या विषाचे. म्हणजे मामाने हाड पुरले, त्यात थायलरसाहेबांइतकेच शहाणपण होते.

आमची गाय गव्हाचा कोंडा, सरकीची पेंड आणि वैद्यांच्या क्षारमिश्रणावर सुधारली. आजीच्या मते मीठ-मोहऱ्यांवर.

जमीन बदलली की ताट बदलते, हे मला आत्याच्या गावी नीट दिसले. देगलूर-बिलोलीकडे आमचा काळा पाषाण सरतो आणि त्याच्याखालचा, त्याहून कितीतरी जुना ग्रॅनाइटच्या जातीचा दगड वर येतो. माती तांबूस, रेताड, चुन्याला गरीब. गवताची नावे तीच, पवन्या आणि मारवेल. पण मुळांना मिळणारी शिदोरी निराळी. त्यातही फुलोऱ्यात कापलेले मारवेल आणि दिवाळीनंतर वाळून काडी झालेले मारवेल, यांत ताज्या भाकरीचा नि शिळ्या तुकड्याचा फरक.

आता आमच्याकडे कडबाच दुर्मिळ झाला आहे. रानोरान सोयाबीन उभे असते. त्याची गुळी जनावरे नाइलाजाने खातात. मळणीचा ट्रॅक्टर दाण्याबरोबर रानातला स्फुरदही बाजारात नेतो आणि तो शेणावाटे परत आणून टाकणारी गुरे दावणीला उरलेली नाहीत. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हा मराठवाड्यातल्या छावण्यांत गुरे उसावर आणि उसाच्या वाढ्यांवर जगली. जीव वाचला, हे खरेच. पण वाढ्यांत ऑक्झॅलेट असते. ते चाऱ्यातला चुना बांधून टाकते. चुन्याने भरलेल्या मुलखातल्या गाईंच्या वाढ्यांवर चुन्याची निवळी शिंपडा, असे सांगण्याची पाळी आली. हे ऐकायला आजोबा नव्हते, ते बरे.

माझ्या पुतण्याने दोन देवणी गाई ठेवल्या आहेत. गोठ्यात क्षारांची वीट टांगलेली असते. चाटून चाटून तिला मधोमध खळगा पडला आहे. माती तपासून आणलेला कागद त्याने मला दाखवला. चुना भरपूर, स्फुरद कमी. यंदा त्याने दीड एकर ज्वारी पेरली. दाणा किती होईल, असे मी विचारले, तर म्हणतो, "काका, ती कडब्यासाठी आहे. दाणा झाला तर आपला."